टुसानमध्ये अजून दहाच

ऑरिनने चष्मा कपाळावर सरकवलाय,
म्हणजे आकडा त्याला समजलाय, आवडलेला नाही.
तीन हजार एकशे ऐंशी डॉलर, एका वर्षाचे.
विद्यापीठाचा विमा. नको असेल तर
आज मध्यरात्रीच्या आत एका चौकटीत खूण करायची:
‘आमच्या मुलीला दुसरं संरक्षण आहे.’
काहीच केलं नाही तर विमा आपोआप लागतो,
फीमध्ये मिसळून जातो.

आहे ना दुसरं. ऑरिनच्या गोदीवरच्या नोकरीचं,
अठ्ठावीस वर्षांचं, खनिजाच्या धुळीने लाल झालेलं.
पण त्याचे डॉक्टर इथे, डुलूथमध्ये,
फार तर पूल ओलांडून पलीकडच्या गावात.
त्यापुढे फक्त इमर्जन्सी,
आणि इमर्जन्सी कशाला म्हणायचं
ते नंतर ठरवणार कुणीतरी, कुठेतरी बसून,
ताप उतरल्यावर.

दुपारी मी शाळेच्या स्वयंपाकघरातून फोन लावला.
चाळीस मिनिटं पियानोचं तेच तुणतुणं,
मग डेस्मंड नावाचा एक गोड मुलगा:
‘मॅम, हाड मोडलं असेल तर मिळतील पैसे.
मोडलंय का ते बघायला गेलात
आणि मोडलेलं नसलं, तर सांगता येत नाही.’

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण आमच्या आयलीचे पाय
वाळवंटात आहेत, अठराशे मैलांवर,
आणि अंथरूण इथे.

‘घोड्यासारखी आहे पोरगी,’ ऑरिन म्हणाला.
खरंय. एकोणीस वर्षांत एक कान, एक कांजिण्या,
आणि ते नाकात घातलेलं बटण.
मी म्हटलं, घोड्याचा पाय मोडला तर काय करतात,
माहितीये ना तुला?
मग बराच वेळ तो
विजेच्या बिलाच्या पाकिटावर बेरीज करत बसला.
भट्टी हा हिवाळा काढणार नाही.
बोटीची मोटर विकली तर नऊशे.
स्वतःचा गुडघा त्याने लिहिलाच नाही.
दोन वर्षं लिहीत नाहीये.

साडेअकराला तिलाच विचारलं.
‘नका घेऊ,’ ती म्हणाली, ‘मी सांभाळून राहते.’
सांभाळून राहणं हीसुद्धा जणू एक पॉलिसी.
आणि हसून, सहज:
‘मार्चमध्ये हनुवटी फुटली, तेव्हा तरी कुठे लागले पैसे?’

कुठल्या मार्चमध्ये?

ट्रामच्या रुळात सायकलचं चाक अडकलं होतं.
कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवायला निघालं,
ही रस्त्यावर बसून, तोंडात रक्त,
विचारतेय: किती होतील?
मग खोलीतल्या प्रिसिलाने चिकटवली हनुवटी,
तुटलेले कप जोडायच्या गोंदाने.
‘मस्त बसलंय, आई. दिसतसुद्धा नाही.’

खरंच दिसलं नाही.
मेपासून ऑगस्टपर्यंत ती घरी होती,
रोज रात्री माझ्यासमोर बसून जेवत होती.
मी तिला बटाटे वाढले. केस कापून दिले.

आणि आम्ही तर बिलांबद्दल नेहमीच
दबक्या आवाजात बोलायचो,
ती झोपल्यावर,
दार लोटून.

फोन ठेवला. कुणी काही बोललं नाही.
मग भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले
आणि ऑरिनने श्वास सोडला: ‘सुटलो.
आता लागला आपोआप. आपण काही ठरवलंच नाही.’
चेहरा असा, की कुणी दुसऱ्यानेच हॉटेलचं बिल दिलं.

मला सांगावंच लागलं:
मध्यरात्र तिकडची धरतात.
टुसानमध्ये अजून दहाच वाजलेत.

त्याने पडद्याकडे पाहिलं. चौकट तशीच, रिकामी.
माउस त्याच्या हातापासून वीतभर.
दोन तास.
मी बेरजेचं पाकीट उलटं करून ठेवलं.
तो टेबलावर दोन्ही हात टेकून,
आधी उजवा पाय, मग थांबून डावा,
असा उठला
आणि कॉफी ठेवायला गेला.